शॉकअप उसने, गाडी आपली

प्रश्न : माझी यामाहा आरएक्स १०० ही १९९२ची गाडी आहे. मूळ शॉकअपमधलं तेल गळून गेलंय, खड्ड्यात मागून ठोका बसतो. मेकॅनिकचा आग्रह आहे की पल्सर १५०चे डबीवाले (बाजूला गॅसची डबी असलेले) गॅस शॉकअप टाका. टाकू का? (सांगली)

उत्तर : बसवता येतील, पण गाडी मऊ चालेल या भरवशावर बसवू नका. पल्सरचं वजन १४० किलोच्या वर आणि तुमची आरएक्स शंभराच्या आसपास. जड गाडीची स्प्रिंग हलक्या गाडीखाली पुरती दबतच नाही. शॉकअपचा दांडा हललाच नाही तर डबीत नायट्रोजन असून काय उपयोग? एकट्याने चालवताना अशी गाडी मागून उडते, डबलसीट घेतलं की बरी वाटते. म्हणून उसने घ्यायचेच तर आधी त्याच घराण्यातल्या आरएक्स १३५चे चांगल्या अवस्थेतले मिळतात का ते बघा.

तरी पल्सरचेच हवे असतील, तर जुने उतरवल्या उतरवल्या एक काम करा. गाडी डबल स्टँडवर असताना मागचं चाक धरून चिमटा (चाक ज्यात बसतं तो वर-खाली हलणारा भाग) डावी-उजवीकडे हलवा. हाताला खेळ लागला तर चिमट्याचे बुश (खिळीवरच्या नळ्या) गेलेत. तीस वर्षांच्या गाडीत ते गेलेलेच सापडतात आणि वळणावर बूड डुलतं त्याचा आळ फुकट शॉकअपवर येतो. बुश आधी बदला.

मग लांबी. शॉकअप पूर्ण उघडा ठेवून वरच्या डोळ्याच्या (शॉकअप अडकवायच्या भोकाच्या) मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा, जुना आणि नवा दोन्ही. फरक ५ मिमीच्या आत असेल तर विचार करायला नको. १० मिमीने लांब असेल तर मागची बाजू तेवढी उचलली जाते. दोन चाकांतलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास असल्याने पुढचा फोर्क जवळपास अर्ध्या अंशाने उभा होतो. हँडल हलकं लागतं, गल्लीत मजा येते, हायवेवर ऐंशीला गाडी चुळबुळ करते. शिवाय डबल स्टँडवर मागचं चाक जमिनीला टेकू लागतं, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते आणि चिमटा खाली लोंबल्यावर चेन त्याच्या पुढच्या टोकाला घासते. १० मिमीच्या पुढे जाऊ नका.

आता सगळे टाळतात ती चाचणी. स्प्रिंग-कॉम्प्रेसर असलेल्या दुकानातून स्प्रिंगा उतरवून घ्या. घरी दोरी बांधून किंवा पान्याने उपटून हा उद्योग नको, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते. नुसते शॉकअप बसवा आणि चाक हाताने उचलत आतला रबर टेकेपर्यंत वर न्या. टायर आणि मडगार्ड, डबी आणि सायलेन्सर, स्प्रिंगची जागा आणि चेनगार्ड, प्रत्येक ठिकाणी निदान १० मिमी फट राहिली पाहिजे. राहत नसेल तर मडगार्ड कापण्यापेक्षा शॉकअप परत करणं स्वस्त पडतं.

याच वेळी चेनही बघून घ्या. चिमट्याची खीळ (चिमटा जिच्यावर फिरतो ती), मागचा एक्सल आणि इंजिनाकडचं छोटं स्प्रॉकेट एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. ढील त्या स्थितीत बघायची, स्टँडवर चाक लोंबत असताना नाही.

स्प्रिंगा परत चढवल्यावर टेप घ्या. एक्सलपासून त्याच्या सरळ वर सीटखाली केलेल्या खुणेपर्यंत तीन मापं घ्यायची : चाक अधांतरी, गाडी नुसती चाकांवर, आणि तुम्ही गाडीवर बसलेले. चाकाची चाल, म्हणजे वर-खाली हलण्याचं अंतर, ८० मिमी धरली तर गाडीच्या स्वतःच्या वजनाने ५ ते १५ आणि तुमच्यासकट २५ ते ३० मिमी बसली पाहिजे. प्रीलोडचा कॅम (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी पायऱ्यांची कडी) सगळ्यात खालच्या पायरीवर असूनही गाडी स्वतःच्या वजनाने जराही बसत नसेल, तर स्प्रिंग तुमच्या गाडीची नव्हे. पुढे कितीही पायऱ्या फिरवा, फरक पडणार नाही.

प्रश्न : उसन्या शॉकअपच्या बुशचं भोक १२ मिमीचं, माझ्या गाडीचा स्टड (शॉकअप अडकतो तो खुंटा) १० मिमीचा. मेकॅनिकने पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवलं. चालेल? (चिपळूण)

उत्तर : नाही. पट्टी आठवड्याभरात चुरगळते, टकटक सुरू होते आणि स्टड एका बाजूने खायला लागतो. लेथवाल्याकडून बाहेरून १२, आतून १०, लांबीला रबर बुशच्या आतल्या नळीएवढी पोलादी स्लीव्ह करून घ्या, हाताने दाबून सरकेल इतकी घट्ट. उलटा प्रकार असेल, म्हणजे स्टड जाड आणि भोक लहान, तर स्टड घासू नका, बुश बदला. शॉकअप आत-बाहेर कललेला दिसत असेल तर वॉशर टाकून दोन्ही टोकं एका उभ्या रेषेत आणा. आडवा ताण बसला की दांडा सीलवर घासतो, आणि गळती तिथूनच सुरू होते. काही गाड्यांत शॉकअपचं खालचं टोक डोळ्याचं नसून यू-आकाराचं असतं. ते डोळ्याच्या जागी बसवायला वेल्डिंगचा घाट घालू नका, दुसरी जोडी शोधा. शेवटची आवळणी गाडी स्टँडवरून खाली घेऊन करायची, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

प्रश्न : स्प्लेंडरवर रोज दुधाचे ४० लिटरचे दोन कॅन नेतो. प्रीलोड शेवटच्या पायरीवर आहे, तरी मडगार्ड घासतं. नुसत्या स्प्रिंगा दुसऱ्या गाडीच्या टाकल्या तर? (शिरोळ)

उत्तर : प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. कडकपणा तारेच्या जाडीत असतो, आणि तोही चौथ्या घाताने. उदाहरण घ्या. तार ७ मिमी, वेटोळ्याचा सरासरी व्यास ४५ मिमी, काम करणारी वेटोळी १४ : ही स्प्रिंग मिलिमीटरला सुमारे १.९ किलो घेते. बाकी सगळं तेच ठेवून तार ७.५ केली तर जवळपास २.५ किलो. अर्ध्या मिलिमीटरने तिसरा हिस्सा कडकपणा वाढला! त्यामुळे बाजारात जाताना व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) खिशात हवा, डोळ्यांनी हा फरक कळत नाही.

पण जाड तार जागाही जास्त खाते. टोकाची धरून १६ वेटोळी असतील तर ७.५च्या तारेची स्प्रिंग पूर्ण दबून १२० मिमी होते. बसवलेली लांबी २१० आणि शॉकअपची चाल ८० असेल तर उरतात १३०, म्हणजे १० मिमी मोकळे. तार ८ची घेतली तर दबलेली लांबी १२८. दोनच मिलिमीटर उरले. वेटोळी एकमेकांवर आपटली की धक्का थेट वरच्या स्टडवर जातो आणि एक दिवस तो तुटतो.

आणखी एक अडचण राहते. जुना डँपर (शॉकअपचा आतला तेलाचा भाग) नरम स्प्रिंगसाठी केलेला असतो. कडक स्प्रिंग परतताना तो तिला आवरू शकत नाही, रिकामे कॅन घेऊन परत येताना गाडी घोड्यासारखी उधळते. म्हणून तारेत अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. कॅन एक्सलच्या जमतील तेवढे पुढे टांगा, पुढचं चाक जमिनीवर दाबून राहील.

प्रश्न : जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचा चिमटा आणि मोनोशॉक? (फोंडा)

उत्तर : नको. दोन शॉकअपच्या गाडीत मागचा भार सीटखालच्या दोन नळ्यांवर वाटला जातो. मोनोशॉक तो सगळा मधल्या एका जागी आणतो, आणि तिथे जुन्या चासिसला भार घेणारा आडवा सांधाच नसतो. वेल्डिंग करून लावलेली पट्टी दिसायला भक्कम असते, तडा तिच्या शेजारी जातो. कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२चं बंधन आहे, तेही लक्षात असू द्या.

प्रश्न : भंगारबाजारात जुना शॉकअप चांगला की वाईट, कसं ओळखायचं? (पुणे)

उत्तर : दांड्यावरून नख फिरवा. क्रोमला खड्डा लागला तर पुढे बोलूच नका, नवं सीलही महिनाभर टिकणार नाही. सीलपाशी ओली धूळ दिसली तरी ठेवून द्या. नुकता पुसलेला, चकचकीत माल दिसला तर रबराच्या कडेखाली बोट घाला, तेल तिथे लपतं. अंगाचा सगळा भार टाकून दाबा आणि सोडा. परत येताना तो सावकाश, एकसारखा यायला हवा. झटकन आला किंवा मध्येच रिकामी ढील लागली तर आत काही उरलेलं नाही. दोन्ही एकाच गाडीचे घ्या. दिवसभर आडवे पडलेले साधे तेलाचे शॉकअप बसवण्याआधी उभे धरून पाच-सहा वेळा दाबा, आत शिरलेली हवा निघून जाते. तेच उलटे मात्र बसवू नका, तेल खालच्या झडपेपासून दूर जातं. आणि डबीवाल्यांच्या डबीला ड्रिल किंवा वेल्डिंग लावू नका, आत गॅस दाबाखाली आहे.