धावत्या गाडीतले प्रक्षेपण आणि मुलीचे करिअर

आदरणीय पालक,
सप्रेम नमस्कार.

आपले चिपळूणहून आलेले पत्र मिळाले. आपली कन्या पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातली बहुतेक मुले सॉफ्टवेअरच्या मुलाखतींची तयारी करीत असताना तिने मात्र अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी ‘धावत्या वाहनात डिजिटल प्रक्षेपण नीट कसे मिळेल’ हा विषय घ्यायचे ठरवले आहे आणि पुढे याच विषयात एम.टेक. करण्याचा तिचा विचार आहे. ‘सगळे जण मोबाइलच्या इंटरनेटवर गाणी ऐकत असताना रेडिओ-टीव्हीच्या लहरींत भविष्य ते काय?’ असा आपला प्रश्न आहे.

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे एक उत्तर मी प्रथमच देऊन टाकतो : केवळ प्रक्षेपणाच्या क्षेत्रात आपल्याकडे नोकऱ्या थोड्या आहेत आणि त्या भराभर वाढतील असे मला वाटत नाही. तरीही मी तिला हा विषय सोडायला सांगणार नाही. त्याचे कारण समजण्यासाठी ही अडचण नेमकी काय आहे, ते थोडे पाहावे लागेल.

प्रक्षेपण केंद्रातून निघालेली लहर गाडीपर्यंत एकाच वाटेने येत नाही. काही अंश थेट येतो, काही डोंगरावर, इमारतींवर आदळून मागाहून पोहोचतो, आणि हे अंश एकमेकांत मिसळून कुठे संकेत बळकट करतात, तर कुठे तो जवळजवळ पुसून टाकतात. ६०० मेगाहर्ट्झच्या टीव्ही लहरीची लांबी अर्धा मीटर असल्यामुळे संकेत पुसला जाण्याचे असे ‘खड्डे’ साधारण पाऊण-एक वितीवर पडतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला शंभरएक खड्ड्यांतून जाते. यावर उपाय म्हणून माहिती एकाच वाहक लहरीवर न लादता हजारो बारीक उपवाहकांवर, म्हणजे जवळजवळच्या वारंवारतेच्या छोट्या लहरींवर वाटून, सावकाश पाठवली जाते आणि दोन चिन्हांच्या, म्हणजे माहितीच्या लागोपाठच्या तुकड्यांच्या मध्ये थोडा राखीव वेळ ठेवला जातो, म्हणजे मागाहून येणारा प्रतिध्वनी पुढच्या चिन्हात घुसत नाही. डीव्हीबी-टी या डिजिटल टीव्ही प्रक्षेपणाच्या युरोपीय पद्धतीत सुमारे आठ हजार उपवाहकांची रचना वापरली, तर हा राखीव वेळ २२४ मायक्रोसेकंदांपर्यंत ठेवता येतो, म्हणजे ६७ किलोमीटर जास्तीच्या वाटेने आलेला प्रतिध्वनीही खपून जातो.

पण गाडी धावू लागली की डॉप्लर परिणाम, म्हणजे वेगामुळे वारंवारता सरकणे, आडवा येतो. शंभराच्या वेगाला ६०० मेगाहर्ट्झची वारंवारता सुमारे ५५ हर्ट्झने सरकते. ती एकाच दिशेने सरकली असती, तर रिसीव्हरने ती सहज दुरुस्त केली असती. परंतु समोरून येणारा अंश वर सरकतो, मागच्या कड्यावरून परतलेला खाली सरकतो आणि दोन्ही एकाच वेळी अँटेनात शिरतात. आठ हजारांच्या रचनेत उपवाहकांमधले अंतर जेमतेम १,११६ हर्ट्झ असताना ही सरमिसळ जाचक ठरते. सुमारे दोन हजार उपवाहकांची रचना घेतली तर अंतर चौपट होते आणि वेग सोसवतो, पण राखीव वेळ चौथाईवर येतो. पांघरूण आखूड असले की डोके झाकावे तर पाय उघडे पडतात, तसाच हा प्रकार आहे. जपानने २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘वन-सेग’ या मोबाइलवरच्या टीव्ही सेवेत वाहिनीचे १३ भाग पाडून मधला एक भाग मोबाइलसाठी वेगळा, कमी माहितीचा पण चिवट असा ठेवला, तो याच विचाराने.

माहिती काळात विखरून पाठवणे हा आणखी एक उपाय आहे, कारण मग क्षणभराच्या खड्ड्यात थोडेथोडेच हरवते आणि ते गणिताने भरून काढता येते. गंमत अशी की गाडी लाल दिव्यापाशी नेमकी खड्ड्यात उभी राहिली, तर हा उपाय कुचकामी ठरतो. अशा वेळी दोन अँटेना वेगवेगळ्या जागी बसवून त्यांचे संकेत योग्य प्रमाणात एकमेकांत मिसळणे कामी येते.

भारतात आकाशवाणीने मध्यम लहरींवर डीआरएम (डिजिटल रेडिओ माँडियाल) पद्धतीचे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले आहे आणि ते ऐकू शकणारे रेडिओ लाखो मोटारींत कारखान्यातूनच बसून आले आहेत. तिथे वारंवारता एक मेगाहर्ट्झच्या आसपास असल्यामुळे डॉप्लरचा त्रास नगण्य असतो. खरा त्रास होतो तो गाडीच्याच विद्युत यंत्रणेच्या खरखरीचा, आणि विजेवरच्या मोटारींमुळे तो अधिकच महत्त्वाचा झाला आहे. दुसरीकडे, सिमकार्ड वा इंटरनेटशिवाय मोबाइलवर थेट प्रक्षेपण देण्याच्या चाचण्या झाल्या असून त्यांत आयआयटी कानपूरचा सहभाग आहे.

आता नोकरीविषयी. वर सांगितलेली उपवाहकांची रचना ४जी आणि ५जीमध्येही आहे आणि वेगात धावणाऱ्या रिसीव्हरची अडचण रेल्वेत, मोटारीत, ड्रोनमध्ये तीच आहे. म्हणून आपल्या कन्येने स्वतःला ‘रेडिओची अभियंता’ न म्हणता ‘चालत्या माध्यमातल्या संकेतांची अभियंता’ म्हणून घडवावे. पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सचे काम मोठे आहे, एआरएआय या वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्थेत विद्युतचुंबकीय चाचण्या होतात आणि पवईला ‘समीर’ ही सूक्ष्मलहरींवर काम करणारी संस्था आहे. एम.टेक.साठी गेट परीक्षा द्यावी लागेल. तिची तयारी करताना संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि अंकीय संकेतप्रक्रिया यांत तिला मनापासून रस वाटतो का, हे तिने प्रामाणिकपणे पाहावे. या तीन विषयांचा कंटाळा असेल, तर या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रकल्पासाठी फार खर्चाची गरज नाही. मुळात डीव्हीबी-टी पाहण्यासाठी बनवलेले ‘आरटीएल-एसडीआर’ नावाचे छोटे यूएसबी उपकरण काही हजारांत मिळते आणि ‘जीएनयू रेडिओ’ हे संकेतांवर प्रक्रिया करणारे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. सुटीत घरी आल्यावर तिने अशी दोन उपकरणे घेऊन, दीडएक मीटर अंतरावर अँटेना ठेवून, चिपळूण ते कऱ्हाड कुंभार्ली घाटातून प्रवास करावा आणि एखाद्या एफएम केंद्राच्या संकेताची ताकद जीपीएससह नोंदवावी. दोन्ही उपकरणांची घड्याळे वेगळी असल्यामुळे संकेत एकमेकांत नीट मिसळता येणार नाहीत, पण प्रत्येक क्षणी दोन्हींतला बळकट संकेत निवडला असता तर किती खड्डे टळले असते, एवढे नक्की काढता येईल. घाटात संकेत पूर्ण नाहीसा झाला, तर तीही नोंद ठेवावी. मग संगणकावर डिजिटल प्रक्षेपणाची प्रतिकृती करून ती प्रतिकृती याच नोंदींतून घडवलेल्या खड्ड्यांतून न्यावे. मात्र स्वतः प्रक्षेपण करू नये, कारण त्यासाठी परवाना लागतो.

हा प्रवास तिने मार्गदर्शक प्राध्यापकांकडे विषय नोंदवण्याआधीच करावा, असे मी सुचवीन. हाती स्वतःच्या नोंदी असल्या की विषयाची व्याप्ती ठरवणे सोपे जाते.

आपला,
करिअर मार्गदर्शक