फोर-के टीव्हीचा प्रश्न, आणि घरी आलेला बॉण्ड

आर्णी तालुक्यातून (जि. यवतमाळ) एका तरुण वाचकाचं पत्र आहे: "माझ्याकडे सेकंडहँड पीएस-४ (गेम कन्सोल) आहे. बजेट २५ हजार. ४३ इंची फोर-के टीव्ही घेऊ की फुल एचडी? दुकानदार नो-कॉस्ट ईएमआय देतो. कापसाचा १ लाख ९० हजार चुकारा आला, पण बाबांनी त्यातले ५० हजार एफडी म्हणून बँकेत टाकले. मागच्या सोमवारी बॉण्ड घरी आला. दहा वर्षं दरवर्षी ५० हजार भरायचे, पंधराव्या वर्षी साडेसात लाख मिळतील. पीककर्ज १ लाख ४० हजार आहे, पण माफी येणार म्हणून थांबलो आहे."

भाऊ, टीव्हीचं सांगतो, पण आधी तो बॉण्ड काढा. एफडीला दहा वर्षं हप्ते नसतात. पहिल्या पानावर 'विमा रक्कम', 'प्रीमियम' असे शब्द दिसले तर बाबांना बँकेच्या टेबलावर विमा पॉलिसी विकली गेली आहे, आणि ती एफडी समजून त्यांनी सही केली आहे. ज्याचं उत्पन्न पावसावर, त्याच्या गळ्यात दहा वर्षांचा हप्ता बांधणाऱ्याचा मला राग येतो. पाच लाख भरून पंधराव्या वर्षी साडेसात, म्हणजे वर्षाला जेमतेम चार टक्के. मध्येच एखाद्या वर्षी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली आणि हप्ता चुकला, तर भरलेल्यातलाही मोठा वाटा जाऊ शकतो.

सुदैवाने वेळ गेलेली नाही. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत कारण न देता ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या, तारखेचा शिक्का मारलेली पोच घ्या, ईमेलही करा. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. "साहेब रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात या" हे ऐकून घेऊ नका, कारण पुढच्या महिन्यात मुदत संपलेली असेल. विमा हवाच असेल तर जीवन ज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं कवच आहे. पन्नाशीच्या आत असाल तर तुम्ही आजच घेऊ शकता.

आता माफी. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. थकवलं तर सात टक्क्यांनी वर्षाचे दहा हजार, मुदत टळल्यावर दर आणखी चढतो. खरं नुकसान मात्र जूनमध्ये होतं. बँक नवं कर्ज देत नाही, मग बियाणं-खतासाठी सावकाराकडून ६० हजार महिना शेकडा तीनने घ्यायचे. पाच महिन्यांत नऊ हजार व्याज. आणि माफी झाली तरी तुमचं खातं त्यात बसेल कशावरून? २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेली, दोन लाखांपर्यंतची कर्जं घेतली गेली. तारखा आणि अटी सरकार ठरवतं, आपण नाही. पुढे नियमित भरणाऱ्यांनाही ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं. हातात १ लाख ४० हजार आहेत, तेवढंच कर्ज आहे. भरून टाका.

टीव्ही: साधा पीएस-४ चित्र फुल एचडीपर्यंतच देतो. फोर-केचे चौपट ठिपके टीव्ही स्वतःच भरतो. ४३ इंचासमोर सहा-सात फुटांवर बसलात तर फरक डोळ्याला कळणारही नाही. फुल एचडीच घ्या, फक्त 'एचडी रेडी' नको, त्यावर गेममधली बारीक अक्षरं पुसट दिसतात. दुकानात गेम मोड लावून दाखवायला सांगा, बटण दाबल्यावर उशीर होतो का ते त्यात समजतं. पुढे पीएस-५ घ्यायचा म्हणून आत्ताच फोर-के घेणार असाल, तर त्या कन्सोलची किंमत पन्नास हजारांच्या घरात आहे हे धरून चाला.

ईएमआय नको. रोख भाव विचारा, जो फरक निघेल तेच व्याज. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. पॉलिसीचे पैसे परत आले की ३० हजार घरात ठेवा आणि उरलेल्यात रोखीने टीव्ही आणा. गावात व्होल्टेज वरखाली होत असेल तर त्यातच स्टॅबिलायझरही बसवा.