कार्यकारिणी एखाद्या सभासदाला परस्पर काढून टाकू शकते का?

तुमचा प्रश्न असा: निवडणुकीच्या तोंडावर वाचनालयाच्या कार्यकारिणीने काही आजीव सभासदांची नावं कमी केली आणि नवे अर्ज दाबून ठेवले, हे चालतं का? मी वकील नाही, पण तालुक्याच्या अशाच एका संस्थेचा चिटणीस होतो.

नव्या अर्जांबाबत तुमची बाजू लंगडी आहे. आपल्यासोबत कोण असावं हे ठरवणं संस्था स्थापण्याच्या हक्कातच येतं, आणि कायदा करूनही सभासद लादता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या प्रकरणात सांगितलंय. अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा, नाकारला तर सर्वसाधारण सभेकडे दाद मागता येते का, हे संस्थेच्या घटनेत, म्हणजे तिच्या नियमावलीत, असेल तरच हातात काही आहे. (हाउसिंग सोसायटीचे दाखले देऊ नका. तिथे सहकार कायदा लागतो. काढायला सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश बहुमत आणि वर निबंधकांची मंजुरी लागते.)

आत आलेल्या माणसाचं मात्र वेगळं. बेळगावच्या व्हिक्टोरिया लॉज या फ्रीमेसन संस्थेने दावर नावाच्या सभासदाला काढलं. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि दावर हरले. तरी त्या निकालाने आखलेली चौकट आजही सभासदाच्या कामाची आहे. काढायचं तर नियमात लिहिलेल्या रीतीनेच. कोर्ट अपील ऐकल्यासारखं कार्यकारिणीचा निर्णय तपासणार नाही. पण अधिकार नसताना, आकसाने किंवा नैसर्गिक न्याय डावलून काढलं असेल तर तो ठराव रद्द करू शकतं. म्हणून ‘मी निर्दोष आहे’ यावर भांडू नका. कुठल्या कलमाखाली काढलं, नोटीस कधी दिली, म्हणणं ऐकलं का, सभेला गणपूर्ती होती का, हे लेखी विचारा. पुष्कळ संस्थांच्या घटनेत हकालपट्टी सर्वसाधारण सभेकडे असते आणि कार्यकारिणी ती परस्पर उरकते. ‘संस्थेच्या हितासाठी’ एवढं इतिवृत्तात लिहिलं की झालं, असा त्यांचा समज असतो.

वर्गणीदार सभासदांसाठी एक सापळा आहे. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तीन महिन्यांहून जास्त थकबाकी असेल तर मत देता येत नाही. त्यामुळे नको असलेल्यांची वर्गणीच न घेण्याची युक्ती केली जाते. कारकून पावती देत नसेल तर चेक स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. आजीव सभासदाला थकबाकीच्या नावाखाली काढलं असेल, तर कसली थकबाकी ते आधी विचारा.

निवडणूक उरकलीच, तर संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असल्यास नव्या कार्यकारिणीला महाराष्ट्र सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 22 खाली 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती, धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. तिथे त्यावर हरकत घ्या. मागच्या निवडणुकीची मतदार यादी आणि जुन्या पावत्या सोबत जोडा. नुसत्या तक्रारीला तिथे वजन नसतं. चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळू शकते, तेव्हा यादीची नक्कल आत्ताच, लेखी अर्ज देऊन मागून ठेवा.