मानवी हक्कांबाबत देशांची तुलना करताना आधी अंमलबजावणी पाहा

राज्यघटनांची कलमं शेजारी शेजारी मांडून सुरुवात करू नकोस. कागदावर जवळपास सगळेच देश चांगले दिसतात. एकच हक्क घे, समजा कोठडीतल्या छळापासून संरक्षण, आणि देश दोन-तीनच ठेव.

आंतरराष्ट्रीय करारावर सही आणि त्याला मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; करार देशाला बांधतो तो मंजुरीनंतर. नवखे हमखास इथेच घसरतात. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १९९७ साली सही केली, मंजुरी दिलेली नाही. मंजुरी असली तरी सोबत नोंदवलेल्या अटी वाच. १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा करार स्वीकारताना बेकायदा अटकेच्या भरपाईबद्दल भारताने हात राखूनच ठेवला होता. तरीही १९९३ च्या नीलाबती बेहरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या मृत्यूसाठी दीड लाख रुपये द्यायला लावलेच. म्हणून करारासोबत निकालही वाचावे लागतात.

मग विचार: पीडिताने जायचं कुठे, किती मुदतीत, आणि हाती काय पडतं? नागपूरचा माणूस राज्यघटनेच्या कलम २२६ खाली थेट सिव्हिल लाईन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जातो. तो आदेश बंधनकारक. मानवाधिकार आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत जावं लागतं, आणि मिळते ती शिफारस. युरोपीय मानवाधिकार न्यायालयात देशातले उपाय संपल्यावर चार महिन्यांची मुदत; निकाल पाळला का, हे युरोप परिषदेच्या सदस्य देशांच्या मंत्र्यांची समिती तपासते. ब्रिटनमध्ये न्यायालय संसदेचा कायदा मानवी हक्कांशी विसंगत ठरवतं, रद्द करत नाही.

तक्रारींच्या आकड्यांवरून क्रमवारी मात्र अजिबात लावू नकोस. जिथे तक्रार करणं सोपं, तिथे आकडा फुगतो. जिथे भीती, तिथे तो शून्याजवळ राहतो.