‘ते’ म्हणजे सद्गुण नव्हे, गुण

प्रश्न असा आला आहे : ‘ताओ ते चिंग’ या लाओ त्झूच्या प्राचीन चिनी ग्रंथाच्या नावातल्या ‘ते’ला मराठीत ‘सद्गुण’ म्हणतात ते बरोबर का? आणि दुसरा प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियस यशाच्या बाजूचा, लाओ त्झू समाधानाच्या बाजूचा, असे एका व्याख्यानात ऐकले, ते कितपत खरे?

‘सद्गुण’ साफ चूक आहे. हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आणि वाचला आहे की आता राहवत नाही. इंग्रजीत कुणी ‘व्हर्च्यू’ लिहिले, आपण कोश उघडून त्याचा ‘सद्गुण’ केला, चिनी शब्दाकडे कुणी पाहिलेच नाही. त्यात ‘व्हर्च्यू’चाही दोष नाही. त्याचे मूळ लॅटिन ‘विर’, म्हणजे पुरुष, आपल्या ‘वीर’चा सख्खा भाऊ. पूर्वीच्या इंग्रजीत झाडपाल्यालाही ‘व्हर्च्यू’ असे, आयुर्वेदात द्रव्याचे ‘वीर्य’ असते तसे. हे सगळे गळून पडले आणि आपल्या हाती नीतिपाठ तेवढा उरला.

‘ताओ’ म्हणजे वाट, ‘चिंग’ म्हणजे ग्रंथ, त्यावर वेळ घालवत नाही. उच्चार मात्र नीट घ्या. ‘ते’ हे रोमन स्पेलिंगवरून आलेले आहे. चिनी माणसाच्या तोंडचा आवाज ‘तऽ’च्या जवळचा, वर चढत जाणारा. हा आवाज पुढे लागणार आहे.

‘सद्’ कुठून आणले? कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहात, ‘लुन यू’च्या बाराव्या प्रकरणात, एक सत्ताधारी त्याला विचारतो, की वाईट माणसे मारून टाकली आणि राज्य सुधारले तर कसे? कन्फ्यूशियस म्हणतो, मारायचे काय कारण? थोराचा ‘तऽ’ वारा, क्षुद्राचा ‘तऽ’ गवत. गवतावरून वारा गेला की ते वाकणारच. आता इथे ‘सद्गुण’ घालून बघा. क्षुद्राचा सद्गुण? वाक्य उभेच राहत नाही. ‘गुण’ घाला, चपखल बसते. आपल्याकडे तर हे गोठ्यातच ठरलेले आहे : ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. गुण बरा असो, वाईट असो, तो लागतो.

माझी आजी रात्री सुंठेचा काढा द्यायची आणि सकाळी कपाळावर हात ठेवून विचारायची, “गुण आला का रे?” या वाक्यातला जो गुण, तो ‘तऽ’. वस्तूच्या अंगी असलेले, दुसऱ्यावर आपोआप चालणारे बळ. सुंठेला आपण गुणकारी आहोत याचा पत्ता नसतो, म्हणून तर ती गुणकारी. ‘ताओ ते चिंग’च्या अडतिसाव्या प्रकरणाची सुरुवात हेच सांगते : वरच्या प्रतीचा गुण गुण म्हणून मिरवत नाही, म्हणून तिथे गुण असतो, खालच्या प्रतीचा गुण स्वतःला घट्ट धरून बसतो, म्हणून तिथे तो नसतो. ‘सद्गुण’वाल्या भाषांतरांत याचे कोडे होऊन बसते. इंग्रजी भाषांतरकार आर्थर वेलीने 1934 साली ‘शक्ती’ या अर्थाचा शब्द योजला, ती अर्धीच वाट; त्याला झोंबाझोंबीचा वास येतो. जेम्स लेगने 1891 च्या इंग्रजी भाषांतरात याच प्रकरणात ‘गुणधर्म’ असा शब्द घेतला. या कोरड्या मिशनऱ्याला तो सगळ्यांत नेमका सापडला आणि त्याचे श्रेय त्याला कुणी देत नाही.

आता खरी गंमत. चिनीत ‘लाभणे’ या क्रियापदाचा उच्चारही ‘तऽ’च. ‘लि ची’ या जुन्या ग्रंथात सरळ म्हटले आहे : तऽ म्हणजे तऽ, गुण म्हणजे लाभलेले. इ. स. 100 च्या सुमारास शू शनने कोश रचला. त्यात वर ‘सरळ’चे चिन्ह आणि खाली ‘हृदय’चे, असा लिहिलेल्या याच ‘गुण’वाल्या शब्दाचा अर्थ दिला आहे : बाहेर लोकांकडून लाभते, आत स्वतःपाशी लाभते. तिसऱ्या शतकात वांग पीने लाओ त्झूवर भाष्य केले, तेही तेच धरून.

यावर आधुनिक पंडित नाक मुरडतात. ही नुसती ध्वनीवरची कोटी, म्हणे. खरे मूळ चिन्हातल्या ‘सरळ’मध्ये. 1993 मध्ये हुपेइ प्रांतातल्या क्वोत्येनला सापडलेल्या, जुने ग्रंथ लिहिलेल्या बांबूच्या पट्ट्यांवरही ‘सरळ’ आणि ‘हृदय’च आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण लिपी भाषेच्या मागून येते. दोन्ही शब्दांचा प्राचीन उच्चार भाषाशास्त्रज्ञांनी स्वतःच ‘तक्’सारखा, अगदी एकच, ठरवला आहे. जो शब्द बोलणाऱ्यांच्या कानाला शेकडो वर्षे ‘लाभ’ असाच ऐकू आला, त्यांच्या ग्रंथांत त्याचा अर्थ चिन्हाच्या रेघा मोजून ठरवायचा, हे मला कधीच पटणार नाही. सुंग राज्यातला हुआन तुई जिवावर उठला तेव्हा कन्फ्यूशियस म्हणाला, ‘माझ्या ठायी तऽ आकाशाने घातला आहे, हुआन तुई माझे काय वाकडे करणार?’ घातला आहे, म्हणजे लाभला आहे. याहून स्पष्ट काय हवे?

आणि आपल्याच घरचा पुरावा. बौद्ध ग्रंथांतल्या संस्कृत ‘गुण’साठी चिनी भाषांतरकारांनी ‘कुंग-तऽ’ हा शब्द वापरला. इ. स. 435 मध्ये समुद्रमार्गे चीनमधल्या क्वांगचौला उतरलेल्या गुणभद्र या भारतीय बौद्ध भिक्षूच्या नावाचा चिनी अर्थ करताना ‘गुण’च्या जागी हाच शब्द घातला. ‘पुण्य’लाही तोच वापरतात, असा आक्षेप येईल. येऊ दे. पुण्यही पदरीच पडते ना?

यश आणि समाधानाचा प्रश्न राहिला. व्याख्यात्याने केलेली वाटणी खोटी आहे. भरड अन्न, प्यायला पाणी, उशाला दुमडलेला हात, यातही आनंद आहे, असे म्हणणारा कन्फ्यूशियसच. ‘पुरे’ ज्याला कळले तो श्रीमंत, हे लाओ त्झूचे. इथे दोघांत अंतर फारसे नाही. अंतर दिसते ते पुन्हा ‘तऽ’मध्येच. चिनीत यशाला ‘मनीषा लाभणे’ म्हणतात, त्यात हाच ‘लाभणे’चा तऽ. कन्फ्यूशियसच्या परंपरेतला मेन्सियस म्हणतो, मनीषा लाभली तर लोकांचे भले करावे, नाही लाभली तर स्वतःला घडवावे. लाओ त्झूच्या परंपरेतल्या च्वांग त्झूच्या ग्रंथाच्या सोळाव्या प्रकरणात मात्र तोच शब्द उलटा फिरवला आहे : पूर्वीच्या लोकांना मनीषा लाभली म्हणजे रथ आणि शिरपेच मिळाले असे नव्हे, त्यांच्या आनंदात भर घालण्यासारखे काही उरले नाही, इतकेच. रथ-शिरपेच अंगचे नव्हेत, अवचित आलेले, वस्तीला राहिलेले. येताना अडवता येत नाहीत, जाताना थांबवता येत नाहीत. मराठीत ‘अंगचा गुण’ म्हणतो त्यातला ‘अंगचा’ इथे ठेवा, आणि नावाचे भाषांतर ‘वाट आणि गुण’ असे करा.