ग्यानी दित्तसिंग आणि एक गादी

प्रश्न : सिंग सभा या शीख सुधारणा चळवळीचे ग्यानी दित्तसिंग यांच्यावर खटला का झाला होता?

उत्तर : गोष्ट एका गादीची आहे. गुरू नानकांचे वंशज खेमसिंग बेदी गुरू ग्रंथसाहिबासमोर गादीवर बसत. ग्रंथ हाच गुरू, मग त्याच्यापुढे वेगळे आसन कुणाला कशाला, असा सभेतल्या लाहोर गटाचा, म्हणजे दित्तसिंगांच्या बाजूचा, रोकडा सवाल होता. दित्तसिंगांनी 1887 मध्ये ‘खालसा अखबार’ या साप्ताहिकाच्या पुरवणीत ‘स्वप्न नाटक’ लिहून या बडेजावावर कोरडे ओढले. पात्रे ओळखू आली आणि बेदींच्या पुतण्याने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. दंड झाला 51 रुपये. 1888 मध्ये अपिलात ते सुटले. पण कोर्टाच्या खर्चाने साप्ताहिकाचा कणा मोडला. 1889 मध्ये ते बंद पडले, 1893 मध्ये पुन्हा निघाले.

दित्तसिंग दलित कुटुंबातले, हे विसरून हा वाद कळणारच नाही. जन्माने मिळणाऱ्या मोठेपणाचा काच त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. लाहोरच्या ओरिएंटल कॉलेजात ते पंजाबी शिकवत. 1901 मध्ये ते वारले. जन्माचा हा भेद त्यांच्यामागेही राहिला: अमृतसरच्या दरबार साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, दलित शिखांचा कडाह प्रसाद (कणकेचा शिरा) पुजाऱ्यांना स्वीकारावा लागला, तो 12 ऑक्टोबर 1920 रोजी.