'लाइट्स' म्हणजे फुप्फुसं, दिव्यांशी संबंध नाही

तुम्ही विचारलंय की हॅगिसच्या (मेंढीच्या आतल्या अवयवांपासून करतात त्या स्कॉटिश पदार्थाच्या) जुन्या पाककृतीत 'मेंढीचं हृदय, कलेजी आणि लाइट्स धुऊन घ्या' असं आहे, तर हे लाइट्स काय? लाइट्स म्हणजे जनावराची फुप्फुसं. या अर्थी शब्द नेहमी अनेकवचनातच येतो.

उजेड या अर्थाच्या 'लाइट'शी त्याचं नातं नाही. हा 'हलका' या अर्थाचा लाइट. बाकीच्या अवयवांच्या मानाने फुप्फुस फारच हलकं, म्हणून ते नाव. खाटकाकडून फुप्फुसासकट मटण आणलं असेल तर धुताना बघा: कलेजीचा तुकडा पातेल्याच्या तळाशी बसतो आणि फुप्फुसाचा गुलाबी, स्पंजासारखा तुकडा दाबला तरी परत वर येतो. आत हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यामुळे.

मला या शब्दाचं खरं अप्रूप आहे ते पुढच्या गोष्टीसाठी. इंग्रजीतला नेहमीचा 'लंग' हा शब्दही 'हलका' याच अर्थाच्या मूळ धातूतून आलाय, आणि त्याच धातूतून संस्कृतातला 'लघु'. रशियनमध्येही फुप्फुसाला 'ल्योख्किये' म्हणतात, म्हणजे अक्षरशः हलकं. आणि आपला 'हलका'? तोही 'लघुक'चाच वंशज. प्राकृतात ल आणि ह यांनी जागा बदलल्या आणि 'लहुअ'चं 'हलुअ' झालं. प्राकृताचे जुने व्याकरणकार हेमचंद्र यांनी आपल्या व्याकरणात हा बदल नोंदवलाय. आपलं 'हळू'सुद्धा त्याच घरातलं. म्हणजे 'लंग' आणि 'हळू' हे दूरचे का होईना, भाऊबंद आहेत. उजेडवाल्या लाइटचं कूळ वेगळं, ते संस्कृत 'रुच्' म्हणजे चमकणे या धातूकडे जातं.

वापराचं म्हणाल तर मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द माणसाच्या फुप्फुसांनाही लावत. पुढे तो खाटकाच्या दुकानात आणि स्वयंपाकघरात उरला. ब्रिटनमध्ये लाइट्स बहुतेक कुत्र्यामांजरांसाठी नेत. 'लिव्हर अँड लाइट्स' ही जोडी मात्र बोलण्यात टिकली, सगळी आतडी-काळीज अशा अर्थाने.

हृदय, कलेजी आणि फुप्फुसं एकत्र काढली की त्या जुडग्याला 'प्लक' म्हणतात. तुमच्या पाककृतीत पुढे तोही शब्द येईल. हिंमत या अर्थाचा प्लक याच्यातूनच आला. आपण 'काळीज लागतं' म्हणतो तसाच. हे जुडगं उकडताना श्वासनलिका पातेल्याच्या काठावरून बाहेर लोंबती ठेवतात, म्हणजे फुप्फुसातला फेस आणि घाण तिच्यातून बाहेर पडते. ती सूचना दिसली तर छपाईची चूक समजू नका.

अमेरिकेत 1971 साली जनावरांची फुप्फुसं माणसांच्या खाण्यासाठी वापरायला बंदी आली, म्हणून तिथल्या पाककृतींत लाइट्स बहुधा दिसणार नाहीत.

भाषांतरात सरळ 'फुप्फुसं' लिहा.